अनाथ बालकें आणि सरकारी निर्बंध



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें गतकाळाचें गुणगान करावें, असा रिवाज आहे. आज तो मोडण्याची मला मुभा द्यावी. आपल्यांतील कित्येक जण मला विचारतात, "फादर, परदेशांतील सज्जन दांपत्यें अनाथ मूल दत्तक मागत असतां सरकार एवढे अडथळे कां घालतें?" तरुणपणीं मीही हेंच म्हणत असें.

1956 चा दत्तक कायदा आम्हां ख्रिस्ती लोकांस लागू नव्हता. आम्हांस, तसेंच परदेशीयांस, 1890 च्या कायद्याखालीं केवळ पालकत्व मिळे. परदेशीय मूल घेऊन जात, आणि खरें दत्तकविधान त्यांच्या देशांत होई. मध्यंतरीं त्या मुलाचें काय झालें, हें येथें कोणास कळणार? लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहून या व्यवहारांतील गैरप्रकारांची तक्रार केली, आणि 1984 सालीं न्यायमूर्ति भगवती यांनीं नियम घालून दिले. प्रथम स्वदेशांत घर शोधावें. परदेशीय कुटुंबाची तेथील मान्य संस्थेनें चौकशी करावी. मूल सोपविणाऱ्या आईस फेरविचारास अवधि द्यावा. पुढें 1990 सालीं 'कारा' ही केंद्रीय संस्था निघाली, व 2003 सालीं आपल्या देशानें हेगच्या आंतरराष्ट्रीय करारास मान्यता दिली.

आईच्या अवधीविषयीं थोडें सांगतों. मी नवा धर्मगुरु असतां एका आश्रमांतील तान्ह्या मुलास परदेशीं उत्तम घर मिळेल, अशी आम्हां सर्वांस आशा होती. मुदतीचे दिवस मोजतांना मी अधीर झालों होतों. ती संपण्यापूर्वीं एके दुपारीं, भर पावसांत, त्याची आई दारांत येऊन उभी राहिली. ती आपलें मूल परत न्यावयास आली होती. त्या दिवसापासून त्या नियमावर टीका करणें मीं सोडलें.

तरी सारें ठीक चाललें आहे, असें मी म्हणणार नाहीं. 2015 च्या कायद्याप्रमाणें बेवारस सांपडलेलें दोन वर्षांपर्यंतचें मूल दोन महिन्यांत, व मोठें मूल चार महिन्यांत, दत्तकास मोकळें ठरावयास हवें. 2022 पासून अंतिम आज्ञाही न्यायालयाऐवजीं जिल्हाधिकारी देतात. पण कागद रेंगाळला, आणि चार वर्षांचें मूल सहा वर्षांचें झालें, कीं त्याला विचारणारे फार थोडे उरतात.

"प्रथम स्वदेशांत" याचा अर्थ आपणच, नव्हे काय? 2006 च्या दुरुस्तीनंतर ख्रिस्ती कुटुंबांसही पूर्ण दत्तक घेतां येतें. या कामीं माझ्याकडे आलेलीं कुटुंबें बोटांवर मोजण्याइतकीं. त्यांतील बहुतेकांस गोरें, तान्हें व निरोगी मूल हवें होतें. मोठीं किंवा अपंग मुलें मागें राहतात, आणि पुष्कळदां परदेशीयच त्यांस घरीं नेतात. ज्या संत योसेफाचा सण आपण थाटानें करतों, तोही पालकपिताच होता.

आज भोजनोत्तर सभागृहांत धर्मभगिनी नोंदणीची माहिती देण्यास बसणार आहेत. मोठ्या किंवा अपंग मुलाचा विचार ज्यांच्या मनांत एकदां तरी येऊन गेला असेल, त्यांनीं त्यांच्याशीं बोलूनच घरीं जावें.