बायबलांतील माणसें दिसत तरी कशीं?

ठाणें शहरांत १८७९ सालीं बांधलेलें ‘शाअर हाशामायिम’, म्हणजे ‘स्वर्गद्वार’, हें बेने इस्राएल समाजाचें प्रार्थनामंदिर आजहि नांदतें आहे. भारतांत उरलेल्या या मराठीभाषी ज्यू समाजाचीं पुष्कळशीं कुटुंबें आतां ठाण्यांतच राहतात. मंदिरांत धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आहेत, दिवे आहेत. देवाची वा पैगंबराची मूर्ति मात्र नाहीं, कारण दहा आज्ञांत तिला मनाई आहे. परंतु याच समाजाच्या कित्येक घरीं एलियाहू हन्नाबी या पैगंबराची तसबीर भिंतीवर आढळते: अग्निरथांतून स्वर्गास निघालेला दाढीधारी पुरुष. त्याच्या नांवानें मलिद्याचा विधि होतो. भिजवलेले पोहे, खोबरें, साखर आणि फळें तबकांत मांडतात. अलिबागजवळ सागांव-खंडाळ्याच्या बाजूस खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी श्रद्धा आहे.

श्रोत्यांस सहज असें वाटेल कीं, हा चेहरा ग्रंथांतूनच घेतला असेल. तसें नाहीं. राजांच्या दुसऱ्या ग्रंथांत एलियाहूविषयीं इतकेंच म्हटलें आहे कीं, तो केसाळ असून त्याच्या कमरेस चामड्याचा पट्टा होता. त्यांतहि मूळ हिब्रू शब्दप्रयोगाचा अर्थ अक्षरशः ‘केसांचा धनी’ असा होतो. अंगावर केस होते, कीं केसांचें वस्त्र होतें, यावर पंडितांचा वाद आहे. तसबिरींतील चर्या बहुधा युरोपीय छापील चित्रांच्या वळणानें आली असावी. मायकेलअँजेलोनें शुभ्र संगमरवरांत दावीद कोरला. तेव्हांपासून दावीद गोरा हें जणूं ठरूनच गेलें!

हिब्रू ग्रंथकार रूपवर्णनाचे फार कंजूष. कथेला गरज पडली तरच ते तोंड उघडतात. शौल इतरांहून खांदाभर उंच, कारण त्याला राजा करावयाचा आहे. अबशालोमच्या कापलेल्या केसांचें वजन २०० शेकेल भरे, कारण त्याचा गर्व दाखवावयाचा आहे. एसाव जन्मतःच तांबूस व केसाळ. पुढें आंधळा इसहाक हातानें चांचपून मुलाची ओळख पटवूं पाहतो, तेव्हां त्या वर्णनाचें प्रयोजन कळतें. तांबूस हाच शब्द दावीदालाहि लावला आहे. पण तो कातडीचा रंग कीं केसांचा, याचा निर्णय नाहीं. अब्राहाम आणि मोशे यांच्या वर्णाविषयीं एक अक्षर नाहीं. गीतरत्नांतील तरुणी स्वतःस सांवळी म्हणवते आणि लागलीच कारण देते: भावांनीं द्राक्षमळे राखावयास लावलें, उन्हानें रापलें.

मग पुरावा कोठें शोधावा? शत्रूच्या भिंतीवर! अश्शूरचा राजा सन्हेरीब यानें इ. स. पूर्वीं ७०१ मध्यें यहूद्यांचें लाखीश नगर घेतलें आणि तो देखावा निनवेच्या राजवाड्यांत दगडावर कोरविला. ते शिलापट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. त्यांत आंखूड दाढीचे, कुरळ्या केसांचे पुरुष दिसतात. डोक्यावरून घोट्यापर्यंत वस्त्र घेतलेल्या स्त्रिया दिसतात. बैलगाडींत बसविलेलीं मुलें दिसतात. त्याच संग्रहांतील काळ्या स्तंभावर इस्राएलचा राजा येहू, किंवा त्याचा वकील, अश्शूरच्या राजापुढें भूमीवर वांकलेला आहे. दगडावर आज रंग उरलेला नाहीं, आणि कोरणारे हात विजेत्यांचे, हें विसरूं नये. तरी एवढें निश्चित कीं, हे लोक पश्चिम आशियांतील होते. व्हेनिसचे किंवा ॲम्स्टरडॅमचे नव्हते.

बेने इस्राएलांनीं स्वतः काय केलें, तेंहि पाहण्यासारखें आहे. १८७४ सालीं पुण्यास छापलेल्या वल्हांडणाच्या पोथींत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडीं नेसून बसल्या आहेत.

या समाजाची परंपरा सांगते कीं, नौगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या. त्यांच्या वंशजांनीं तेलाचे घाणे चालविले, शनिवार पाळला आणि ‘शनवार तेली’ हें नांव मिळविलें. पुढें त्यांच्यांतच ‘गोरे’ व ‘काळे’ अशा फळ्या पडल्या. नांवें रंगाचीं, परंतु भांडण कुळाचें, आई कोणत्या जातीची याचें. गोऱ्यांत सांवळे पुष्कळ होते!

हा संशय समुद्रापलीकडेहि गेला. इस्राएलांत १९६२ सालीं रब्बींच्या आदेशानें या समाजाच्या विवाहांपूर्वीं वंशावळीची चौकशी आवश्यक ठरली. समाजानें निदर्शनें केलीं, आणि १९६४ सालीं तेथील सरकारला जाहीर करावें लागलें कीं, बेने इस्राएल हे सर्वार्थानें ज्यूच आहेत. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत त्यांच्या रक्तांत ज्यू व हिंदी असे दोन्ही वारसे भरपूर आढळले. हा संकर सुमारें १९ ते ३३ पिढ्यांपूर्वींचा, आणि तोहि मुख्यत्वें ज्यू पुरुष व येथील स्त्रिया यांच्यांतला. दंतकथेंतील त्या सात स्त्रियांचें काय झालें, हें मात्र शास्त्रज्ञांनीं सांगितलेलें नाहीं.