दाखल्यावरचा एक शब्द
(शिक्षकांच्या बैठकीत केलेलं भाषण)

गुरुजी आणि बाई, आम्ही तुम्हाला शिकवायला आलेलो नाही. एकच मागणं आहे. जूनमध्ये पहिलीचं पोर दाखल करताना रजिस्टरात जातीच्या रकान्यात घाईनं 'हिंदू कोळी' लिहून मोकळे होऊ नका. आईबापाला विचारा. महादेव कोळी अनुसूचित जमातीत येतात, नुसता 'कोळी' येत नाही. ठाकर, कातकरी यांचंही नाव पुरतं लिहा.

चाकणला कारखान्यांपायी जमिनींचे व्यवहार जोरात आहेत. 6 जुलै 1974 पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर कलेक्टरची परवानगी लागते. पण 'आदिवासी कशावरून?' असं विचारलं की आमच्याकडं दाखवायला शाळेचा दाखलाच असतो. आमच्यातल्या एका घरात थोरल्याच्या दाखल्यावर 'महादेव कोळी', धाकट्याच्या 'कोळी'. एकाच आईची पोरं! तीन वर्षं हेलपाटे चालू आहेत.

मागाहून दुरुस्ती फार अवघड. म्हणून लिहिलेलं पालकाला वाचून दाखवा, मग अंगठा घ्या. आणि वीटभट्टीवरनं आलेल्या पोराकडं जुना दाखला नसला तर माघारी धाडू नका. वर्गात बसवून घ्या, कागद मागनं येईल.