आधी ग्लुकोज



जिवाणूंना एकच साखर दिली तर ते ती खातात, वाढतात आणि साखर संपली की थांबतात. पण त्यांच्यापुढे दोन साखरा एकदम ठेवल्या तर काय होतं? झाक मोनो हा फ्रेंच संशोधक १९४० साली याचा शोध घेत होता. पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं आणि मोनो सोर्बोनमध्ये डॉक्टरेटचं काम करत होता.

त्याची पद्धत साधी होती. क्षारांच्या पाण्यात मोजून साखर घालायची, त्यात जिवाणू सोडायचे आणि पाणी किती गढूळ होत जातं हे ठरावीक वेळाने मोजायचं. जितका गढूळपणा जास्त, तितके जिवाणू जास्त. साखरांच्या काही जोड्यांत वाढीचा आलेख सलग चढत गेला. काही जोड्यांत मात्र तो चढला, मग आडवा झाला आणि थोड्या वेळाने पुन्हा चढू लागला.

मोनोने प्रमाणं बदलून पाहिली. ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल यांची जोडी घेतली आणि आपल्या आतड्यात राहणारा इ. कोलाय हा जिवाणू त्यात वाढवला. एका पात्रात दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम ग्लुकोज आणि १५० सॉर्बिटॉल, दुसऱ्यात दोन्ही शंभर-शंभर, तिसऱ्यात १५० ग्लुकोज आणि ५० सॉर्बिटॉल. ग्लुकोज वाढवत नेलं तसा पहिला चढ मोठा झाला आणि दुसरा त्याच हिशेबाने लहान झाला. म्हणजे जिवाणू आधी ग्लुकोज संपवत होते आणि मगच सॉर्बिटॉलकडे वळत होते. एकही जिवाणू फोडून न पाहता, निव्वळ गढूळपणाच्या आकड्यांवरून त्याच्या आतला क्रम कळावा, हे मला या प्रयोगाचं खरं सौंदर्य वाटतं.

या दोन टप्प्यांच्या वाढीला मोनोने ‘डायॉक्सी’ असं नाव दिलं. पण मधला तो आडवा काळ कशाचा? पाश्चर संस्थेतल्या आंद्रे ल्वोफ यांना त्याने आलेख दाखवला, तेव्हा याचा संबंध जिवाणूंनी नवी एन्झाइम बनवण्याशी असावा, असं त्यांनी सुचवलं. मोनोचं पुढचं सारं आयुष्य त्या सूचनेच्या मागे गेलं.

दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं उदाहरण घेऊ. ती पेशीत आणायला एक प्रथिन लागतं आणि तोडायला एक एन्झाइम. एरवी ही दोन्ही पेशीत नावापुरतीच असतात, कारण त्यांच्या जनुकांना एक दमनकारी प्रथिन अडवून धरतं. लॅक्टोज आत आलं की त्याचंच एक बदललेलं रूप त्या प्रथिनाला बाजूला करतं. पण ग्लुकोज आत येत असतं तोवर त्याची वाहतूक करणारी यंत्रणाच लॅक्टोजचं दार बंद ठेवते. ग्लुकोज संपतं, दार उघडतं आणि एन्झाइम बनू लागतात. आलेख आडवा असतो तेव्हा पेशीत हे काम चाललेलं असतं. जनुकं कशी चालू आणि बंद होतात, याची ही मांडणी मोनो आणि फ्रान्स्वा झाकोब यांनी १९६१ मध्ये केली. १९६५ चं नोबेल या दोघांना आणि ल्वोफ यांना मिळून मिळालं.

मात्र सगळ्याच जिवाणूंना ग्लुकोज आधी हवं असतं, असं समजू नये. माती-पाण्यात आढळणारे स्यूडोमोनस जिवाणू सक्सिनेटसारखी सेंद्रिय आम्लं आधी संपवतात, ग्लुकोज नंतर. शिवाय हा निवडीचा थाट सुबत्तेतला आहे. अन्न अगदी थोडं थोडं, सतत झिरपत दिलं की तोच इ. कोलाय अनेक साखरा एकाच वेळी खातो. नदीत, समुद्रात, मातीत साखर बहुधा अशी तुटपुंजीच असते. म्हणून तिथल्या जिवाणूंचा विचार करताना, प्रयोगशाळेतल्या भरल्या पात्रावरून थेट निष्कर्ष काढू नयेत असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं.

ही माहिती कारखान्यातही मोलाची ठरली. पेनिसिलिनची बुरशी भरपूर ग्लुकोजवर झपाट्याने वाढते, पण औषध फार कमी बनवते. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तिला सावकाश पचणारं लॅक्टोज देऊ लागले. पुढे ग्लुकोजच बेताबेताने सोडत राहण्याची रीत आली.

आपल्याकडे हा प्रश्न उसाच्या चिपाडाशी येऊन भिडतो. चिपाडातल्या तंतूंपासून ग्लुकोज मिळतं, तसं झायलोजही बरंच मिळतं. दारू आंबवणाऱ्या नेहमीच्या यीस्टला झायलोज मुळातच आंबवता येत नाही. त्यासाठी लागणारी जनुकं बाहेरून घातली, तरी दोन्ही साखरा पेशीत शिरतात त्या एकाच वाहकांमधून, आणि तिथे ग्लुकोज पुढे घुसतं. झायलोज मागे राहतं, टाकीचा वेळ वाढतो आणि इथेनॉल महाग पडतं. म्हणून दोन्ही साखरा बरोबरीने संपवेल असं यीस्ट घडवण्यासाठी आता हे वाहकच बदलण्याचे प्रयत्न चालू आहेत.