डोंगरमाथ्यावर उतरताना



संयोजकांनी मला बजावलंय, "तुझ्या कामाबद्दल बोल, पण कोडिंग नको." काम तसं सांगायला सोपं आहे. कुठलं हेलिकॉप्टर किती उंचीवर, किती तापमानात, किती वजन पेलेल याचे जाडजूड तक्ते असतात. ते पायलटच्या टॅब्लेटवर आणणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. मी स्वतः विमानात खिडकीची जागासुद्धा मागत नाही! पण कोलोरॅडोत राहायला गेल्यापासून या तक्त्यांमागचे डोंगर रोज दिसतात. त्यातल्या एकाबद्दल बोलते.

माउंट मॅसिव्ह. उंची १४,४२८ फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. जवळचं लेडव्हिल गावच मुळी १०,००० फुटांवर. १९ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकी सैन्याच्या १६० व्या स्पेशल ऑपरेशन्स एव्हिएशन रेजिमेंटचं एक ब्लॅक हॉक या डोंगरावर सरावाच्या वेळी कोसळलं. चारही सैनिक गेले. ही रेजिमेंट म्हणजे रात्रीच्या अंधारात, अवघड जागी उडण्यासाठी पारखून घेतलेली माणसं.

त्या चौघांच्या उड्डाणाचा निवाडा करायला मी इथे उभी नाही. यंत्र ठणठणीत असतानाही डोंगरावर उतरताना माणूस कोंडीत कसा सापडू शकतो, एवढंच सांगते. फिजिक्सचे सर समोर बसलेत, चुकलं तर हात वर करतीलच.

१२,००० फुटांवर हवा समुत्रसपाटीपेक्षा साधारण ३० टक्के विरळ असते. पंख्याला ढकलायला हवा कमी आणि इंजिनाला श्वास घ्यायलाही कमी. त्यात ऑगस्टची दुपार. तापमान १२ अंशांपर्यंत चढलं, की त्याच जागी हेलिकॉप्टरला आपण १४,००० फुटांच्या वर आहोत असं वाटतं. डोंगर तेवढाच, पण पंख्यासाठी तो दोन हजार फुटांनी वाढलेला. आमचं सॉफ्टवेअर हे गणित क्षणात करतं; मात्र त्यात सकाळचं तापमान टाकलं असेल तर उत्तरही सकाळचंच येणार.

आणि गंमत, खरं तर गंमत नाहीच, अशी की पुढे जाणाऱ्या हेलिकॉप्टरला कमी ताकद लागते आणि हवेत एका जागी थांबणाऱ्याला जास्त. म्हणजे उतरण्यासाठी वेग कमी करत आणला, की नेमकी तेव्हाच ताकदीची मागणी वाढते. सपाट मैदानावर जमिनीजवळ हवेची गादी तयार होते आणि ती थोडा आधार देते. अरुंद माथ्यावर हवा चारी बाजूंनी खाली ओघळून जाते. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला असाल तर वारा वरून दाबतो, ते वेगळंच. अशा वेळी इंजिनात शिल्लक काही नसताना पायलटनं आणखी ताकद मागितली, तर पंख्याचे फेरे मंदावतात. शेपटीचा पंखा त्यालाच जोडलेला, तोही मंदावतो आणि नाक फिरू लागतं. तिथून पुढे फारसं काही हातात राहत नाही.

कोलोरॅडोतच जिप्सम इथे नॅशनल गार्डची एक शाळा आहे. १९८० च्या दशकापासून तिथे पायलटांना डोंगरातलं उड्डाण शिकवतात. उतरण्याआधी जागेवर घिरटी घालून वारा बघायचा, हाताशी किती ताकद आहे आणि किती लागेल याचा हिशेब करायचा, आणि निसटायची वाट आधीच ठरवून ठेवायची. शिल्लक पुरेशी नसेल तर उतरायचं नाही. आमच्या धंद्यात चुका करायला वेगळा टेस्ट सर्व्हर असतो. पायलटांना सिम्युलेटर असतो, पण शेवटी कधीतरी खऱ्या डोंगरावर जावंच लागतं, आणि माझ्या मते सरावातला धोका तिथेच आहे. सराव म्हटला की "जमवून दाखवू" ही ऊर्मी येते.

हे सगळं आजच का काढलं? आपल्या वर्गातल्या एकीची मुलगी नाशिकला आर्मी एव्हिएशनच्या शाळेत आहे. २०२२ साली कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच सैन्याच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर झाल्या, तीच शाळा. तिथले पायलट पुढे सियाचिनसारख्या ठिकाणी चीता घेऊन जातात. काल रात्री मैत्रिणीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग गं, धोका किती?"

धोका नाही असं मी म्हटलं नाही. तिला म्हटलं, लेकीला "जेवलीस का" विचारून झालं की हेही विचार: या आठवड्यात कितीदा न उतरता परत फिरलात? तिनं तिथूनच फोन लावला. उत्तर आलं, "तीनदा. सर म्हणाले, बरोबर केलंस."

आईचा चेहरा उतरला. मला मात्र ते ऐकून फार बरं वाटलं, आणि का ते तिला समजावण्यात आमचे रात्रीचे दोन वाजले.

बाकीचे प्रश्न पंगतीत विचारा. आमरस संपायच्या आत.