मोजले न गेलेले मरण
(उर्से, ता. मावळ येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



अर्थशास्त्राच्या अध्यापकाने कर्करोगावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मोजणी हा माझाही विषय आहे; आणि ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हे मी आयुष्यभर पाहिले आहे.

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा पॉलिप नावाच्या लहान गाठीतून, दहा वा अधिक वर्षांनी उद्भवतो. गाठ वेळीच काढल्यास तो टळतो. म्हणून एका वर्षाचा आकडा अपुरा. दशकांची नोंद हवी. महागाई वजा केल्याविना खरी उत्पन्नवाढ कळत नाही, तशीच वयाचा फरक वजा केल्याविना रोगाची खरी वाढ कळत नाही.

अमेरिकेत १९७३ पासून अशी सलग नोंद आहे. एकूण प्रमाण घटत असताना पन्नाशीच्या आतील लोकांत ते वाढत असल्याचे तिनेच उघड केले. सरासरीने ते झाकले होते. २०२१ साली तेथील तज्ज्ञ समितीने तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले.

आपण मात्र त्यांची नक्कल करू नये. भारतात या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून बरेच कमी आहे. मुंबईत १९६३ साली कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ साली बार्शीने ती खेड्यांत नेली. तेथे स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा प्रश्न मोठा होता. पुढे बार्शीच्याच रुग्णालयाच्या सहभागाने उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचे धाराशिव) सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीनेही या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात, हे २००९ साली सिद्ध झाले. कोणता प्रतिबंध आधी, हे स्थानिक नोंदीनेच ठरवावे.

उर्स्यात भातखाचरांशेजारी कारखाने आले, द्रुतगती मार्ग आला. श्रम बदलले, आहार बदलला. त्याचे परिणाम वीस वर्षांनी दिसतील. पण तुलनेसाठी आजचा आकडा हवा. परगावचा कंत्राटी कामगार येथे राबतो, शहरात उपचार घेतो आणि मूळ गावी मरतो. त्याचे मरण कोणाच्या हिशेबात धरावयाचे?

म्हणून मागणी अशी : ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदीत वैद्यकीय कारण व व्यवसाय यावा, आणि बार्शीप्रमाणे नोंदणी कार्यकर्ता मावळात घरोघर जावा. नोंद ही उपकाराची बाब नव्हे. तो श्रमिकाचा हक्क आहे.