सोबत कोण?



तुमच्यापैकी काहींना स्वतःची टेक कंपनी काढायची आहे. ॲपचं नावही ठरलेलं असतं. सोबत कोण, असं विचारलं की उत्तर येतं, ‘माझा बेंचवरचा मित्र.’ मला त्या उत्तराची काळजी वाटते.

साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे काटकर बंधू पाहा. थोरले कैलास दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्ती शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकत होते. पुढे दुकानात दुरुस्तीला येऊ लागलेल्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा संजय यांनी ते काढणारे छोटे प्रोग्राम लिहिले. त्यातूनच क्विक हील ही अँटीव्हायरस कंपनी उभी राहिली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात पोहोचली. भाऊ होते म्हणून जमलं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. भावाभावांचे दावे कोर्टात थोडे का आहेत? एकाला गिऱ्हाईक कळत होतं, दुसऱ्याला कोड. एकाचं दुसऱ्यावाचून अडत होतं.

एकाच वर्गातले दोघं उत्तम कोडर एकत्र आलात, तर अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखानदारासमोर बसून थकलेलं बिल कोण मागणार?

म्हणून कंपनी नोंदवण्याआधी दोघांनी मिळून पैसे घेऊन एक काम करा. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधल्या एखाद्या कापड दुकानाला स्टॉकचं सॉफ्टवेअर करून द्या. ऐन दिवाळीच्या गर्दीत ते बंद पडेल तेव्हा फोन कोण उचलतो, आणि चूक दुसऱ्यावर ढकलतो की दुरुस्त करायला बसतो, ते बघा. तुमचा निर्णय चुकतोय हे सोबती तोंडावर सांगतो का, तेही बघा.

मग सगळं कागदावर आणा. भागीदारी केलीत आणि करारात वाटा लिहिलाच नाही, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा समसमान आणि तोटाही समसमान. प्रायव्हेट लिमिटेड काढलीत तर शेअर पहिल्याच दिवशी पूर्ण देऊन टाकू नका. ते चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्काचे व्हावेत आणि वर्षाच्या आत सोडणाऱ्याला काही मिळू नये, अशी अट घालण्याची पद्धत आहे. नाहीतर सहा महिन्यांत नोकरी धरणारा मित्र अर्ध्या कंपनीचा मालक राहतो.

सगळ्यात अवघड प्रश्न घरचा आहे. बदलापुरात कितीतरी कुटुंबांनी कर्ज काढून घर घेतलंय आणि मुलाच्या पहिल्या पगाराकडे हप्ता डोळे लावून बसलाय. पगाराशिवाय किती महिने काढू शकशील, हे एकमेकांना न लाजता विचारा. कमी महिने सांगणारा कमी निष्ठेचा ठरत नाही. त्याने पहिलं वर्ष नोकरी सांभाळून रात्री काम करावं, वाटाही त्या हिशोबाने ठरवावा. पण हे आधी बोला, आणि आईवडिलांना समोर बसवून बोला.

ज्यांचं ठरत आलंय त्यांनी कार्यक्रमानंतर मला जरूर भेटा. मात्र एकट्याने येऊ नका, दोघंही या.