घर सोडताना ब्रॉडबँडचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी भाषणमालेतील भाषणाचा मजकूर)



भाषणमालेसाठी माझं नाव सुचवलं गेलं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं असणार, काका आता नॉमिनेशनवर बोलणार. नॉमिनेशनवर मी दर वार्षिक सभेत बोलतोच. आज विषय वेगळा आहे. घर बदलायचं आहे, ब्रॉडबँडच्या कराराची मुदत संपलेली नाही, तर तो करार कसा संपवायचा? विषय किरकोळ वाटेल. पण निवृत्तीनंतर लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात, त्यात अलीकडे याच कागदांची संख्या वाढली आहे. म्हणून नमनाला घडाभर तेल न घालता सरळ विषयाला येतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेला लावलेला मोडेम. त्याचा तो चिरका आवाज, आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. आपल्या देशात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. २००४ सालच्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या होती किमान २५६ केबीपीएस. आज शंभर एमबीपीएस असलं तरी नातवंडं म्हणतात, "आजोबा, नेट स्लो आहे." त्या काळी जोडणी मिळवायला खेटे घालावे लागत. आता जोडणी अर्ध्या दिवसात मिळते, खेटे घालावे लागतात ती सोडताना.

आणि घरं सोडली जातात, हे आपण रोज पाहतो. आपल्या पुण्यात नोकरीसाठी आलेली तरुण जोडपी वर्षभर राहतात आणि ऑफिस जवळ पडेल अशा ठिकाणी जातात. कोणाची बदली होते. कोणी वय झालं म्हणून मुलाकडे बंगळुरूला जातं. शेजारच्या जुन्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट सुरू झालं की सगळी घरं महिन्याभरात रिकामी होतात.

आता घोडं कुठे पेंड खातं ते बघा. आपल्याकडे भाड्याचा लीव्ह अँड लायसन्सचा करार बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा असतो. आणि ब्रॉडबँडचा स्वस्त प्लॅन असतो बारा महिन्यांचा, वर दोन महिने फुकट. म्हणजे राहायचा करार अकरा महिन्यांचा आणि इंटरनेट चौदा महिन्यांचं! हा हिशेब पहिल्या दिवशीच जुळत नाही. पण घरात सामान लावायची घाई असते, मुलांचा अभ्यास असतो, घरून काम असतं. दारात आलेला माणूस म्हणतो, वर्षाचं घेतलं तर इन्स्टॉलेशन फ्री, राउटर फ्री. आपण पैसे भरतो.

कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. फायबर दारापर्यंत आणायचा, राउटर द्यायचा, जोडणाऱ्या माणसाची मजुरी द्यायची, हा खर्च पहिल्याच दिवशी होतो आणि तो महिन्या-महिन्याने वसूल होतो. गिऱ्हाईक तिसऱ्या महिन्यात उठून गेलं तर कंपनीला तोटा होतो. म्हणून किमान मुदतीची अट, म्हणजे लॉक-इन. यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की मुदतीआधी निघालेल्या माणसाकडून किती घ्यावं.

इथे मला माझी बँक आठवते. फिक्स्ड डिपॉझिट मुदतीआधी मोडलं तर बँक काय करते? पैसे जितके दिवस राहिले त्या मुदतीचा दर लावते, त्यातही थोडी कपात करते. व्याज कमी मिळतं. पण मोडलंत म्हणून तुमचं मुद्दल आम्ही ठेवून घेतो, असं कोणतीही बँक म्हणत नाही. घरकर्जाचंही तसंच. पूर्वी कर्ज लवकर फेडणाऱ्याकडून बँका दंड घेत. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर असा आकार घ्यायला बँकांना मनाई केली. लवकर निघणाऱ्या माणसाकडून वाटेल ते घेता येत नाही, हा विचार बँकेत रुजला आहे. ब्रॉडबँडला तोच लावून पाहू.

समजा, प्लॅन महिन्याला घेतला तर ८०० रुपये आहे. वर्षाचा एकदम घेतला तर महिना ६५० प्रमाणे ७,८०० रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, तो सोपेपणासाठी बाजूला ठेवू. तुम्ही ७,८०० भरले आणि पाच महिन्यांनी घर सोडावं लागलं. एफडीच्या न्यायाने वर्षाची सवलत काढून घ्या. पाच महिने गुणिले ८०० म्हणजे ४,००० रुपये. जोडणीचा माफ केलेला खर्च समजा १,०००. एकूण ५,०००. उरले २,८००. कंपनीचा खर्च भागला, सवलतही परत गेली, तर हे २,८०० कोणाचे? माझ्या मते गिऱ्हाइकाचे. कंपनी म्हणते, आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नाहीत, अटीत लिहिलं आहे, तुम्ही मान्य केलं आहे.

अटीत लिहिलं म्हणून सगळं संपत नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम करारात लिहिलेली असली तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा झाली. त्याशिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' याची व्याख्या आहे. झालेल्या नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड ग्राहकावर लादणारी अट त्या व्याख्येत बसते. पत्र लिहिताना या दोन्हींचा उल्लेख करावा आणि वरच्यासारखा हिशेब मांडावा. "पैसे परत द्या" असं मोघम लिहिण्यापेक्षा "इतके रुपये असे निघतात" असं लिहिलेल्या पत्राला उत्तर देणं भाग पडतं. हा माझा नोकरीतला अनुभव आहे, टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आपल्याच इमारतीतल्या एका वहिनींची आहे. त्यांच्या परवानगीने सांगतो आहे, नाव सांगत नाही आणि कंपनीचंही सांगत नाही. यजमान अचानक गेले. दोन महिन्यांनी वहिनी मुलीकडे नागपूरला राहायला गेल्या. ब्रॉडबँड यजमानांच्या नावावर, वर्षाचे पैसे भरलेले, सात महिने बाकी. त्यांनी फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, खातेदारानेच बोललं पाहिजे आणि त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येईल. मोबाइल तर बंद केलेला. पॅकर्सवाल्यांनी राउटर इतर सामानाबरोबर खोक्यात भरला होता, तो नागपूरला पोचला. पुढे राउटर परत केला नाही म्हणून अडीच हजार थकबाकीचे मेसेज आणि वसुलीचे फोन मुलीच्या नंबरवर सुरू झाले. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन परका आवाज "पैसे कधी भरणार" असं विचारतो, तेव्हा रक्कम किती आहे याला अर्थ उरत नाही. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, पैसे भरून टाकते, पण तो फोन नको."

आम्ही पैसे भरले नाहीत. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून पत्र लिहिलं, ईमेलने आणि रजिस्टर पोस्टानेही पाठवलं. राउटर कंपनीच्या नागपूरच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. तरी फोन थांबले नाहीत, तेव्हा वरच्या अधिकाऱ्याकडे अपील केलं. शेवटी थकबाकी रद्द झाल्याचं आणि खातं बंद झाल्याचं पत्र आलं. उरलेल्या सात महिन्यांचे पैसे मात्र मिळाले नाहीत. वहिनींना ते पुढे लढवायचे नव्हते आणि त्यांच्या त्या निर्णयाचा मी मान ठेवला. सगळं मिळून साडेतीन महिने गेले.

म्हणून घर सोडताना काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, जोडणी तोडायच्या आधी पत्ता बदलून मागा. नव्या घरी त्याच कंपनीची सेवा असेल तर उरलेली मुदत तिकडे चालू राहते. त्याला आकार किती, ते आधी विचारा. सेवा नसेल तर 'नव्या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही' हे कंपनीकडून लेखी घ्या. तुम्ही सेवा घ्यायला तयार होतात आणि कंपनी देऊ शकली नाही, हे त्या एका ओळीने सिद्ध होतं. पुढच्या भांडणात तो तुमचा सगळ्यात भक्कम कागद.

दुसरं, बंद करण्याची सूचना लेखी द्या. नुसत्या फोनवर विसंबू नका. फोन केलाच तर तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. जोडणी कोणत्या तारखेपासून बंद हवी, ती तारीख पत्रात स्पष्ट लिहा.

तिसरं, राउटर. पॅकर्स यायच्या आधी तो काढा. सोबतचा अॅडॉप्टर आणि सेट-टॉप बॉक्स असल्यास तोही. मागच्या सीरियल नंबरचा फोटो काढा. न्यायला येणाऱ्या माणसाकडून नाव, तारीख आणि सहीसह पोच घ्या. पोच नसेल तर राउटर देऊ नका, मग तो कितीही घाईत असो.

चौथं, खात्यातून आपोआप जाणारे पैसे. यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरची सूचना रद्द करा. ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी कळवावं लागतं, तो मेसेज वाचत जा. पण एक लक्षात ठेवा, पैसे थांबवले म्हणजे करार संपला असं नाही. चेकचं पेमेंट थांबवलं म्हणून देणं फिटत नाही, तसंच हे. आधी बंद करण्याचं पत्र, मग ऑटोपे रद्द.

पाचवं, 'काही देणं बाकी नाही' असं पत्र मागून घ्या. डिपॉझिट भरलं असेल तर तेही त्याच पत्रात मागा.

सहावं, आपल्या नावावरची जोडणी पुढच्या भाडेकरूला तशीच चालू ठेवून जाऊ नका. पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून लोक असं करतात. पण त्या जोडणीवरून कोणी भलतंसलतं केलं तर चौकशी पहिल्यांदा ज्याचं नाव आहे त्याच्याकडे येते. सही केलेला कोरा चेक आपण कोणाकडे ठेवून जातो का? कंपनीकडून रीतसर नाव बदलून मिळत असेल तर उत्तम.

एवढं करूनही ऐकलं नाही तर? आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार. तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार त्या अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्रं पाठवून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तो लावा. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. टेलिफोन कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं की नाही, यावर पूर्वी वाद होता. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने जाता येतं असा निकाल दिला. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मात्र करारातली अटच अनुचित आहे असं म्हणायचं असेल तर ती तक्रार राज्य आयोगाकडे जाते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण पायरी कुठे आहे ते माहीत असावं.

शेवटी कमिटीकडे दोन मागण्या. आपल्या डक्टमधून आणि गच्चीवरून फायबर न्यायला कंपन्यांना सोसायटीची परवानगी लागते. एकटा सभासद कंपनीपुढे लहान आहे, परवानगी देणारी सोसायटी लहान नाही. तेव्हा यापुढच्या परवानगीपत्रात तीन गोष्टी मागून बघाव्यात: घर सोडणाऱ्याचा राउटर पोच देऊन इथेच परत घ्यावा, नवीन राहणाऱ्याच्या नावावर जोडणी करून द्यावी, आणि खातेदार वारला असेल तर दाखल्यावरून वारसाचा अर्ज स्वीकारावा. तिन्ही मान्य होतील असं नाही, पण मागितल्याशिवाय एकही मिळणार नाही.

दुसरी मागणी साधी आहे. भाडेकरू येताना आपण पोलीस व्हेरिफिकेशन आणि कराराची प्रत मागतो. जाताना लिफ्टचे पैसे घेतो आणि गेट पास देतो. त्या गेट पासच्या मागे विजेचं बिल, गॅस आणि ब्रॉडबँड यांची यादी छापावी. खर्च काही नाही. निघायच्या गडबडीत असलेल्या माणसाला, विशेषतः दुःखात असलेल्या माणसाला, तेवढी आठवणही पुष्कळ असते.

दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा मी सोसायटीच्या ऑफिसमध्ये बसतो. ज्यांना असं पत्र लिहायचं असेल त्यांनी बिल, पावती आणि अटींचा कागद घेऊन यावं. चष्मा मी आणतो, अटींची अक्षरं फार बारीक असतात.